थोरले काय म्हणाले

सत्संग मंडळाच्या सभागृहात व्यासपीठावर दोन माइक असत. एक खुर्चीसमोर, खाली वाकवलेला, तो थोरल्यांचा. दुसरा शेजारी, उभ्या माणसाच्या तोंडाशी येईल असा, तो दुभाष्याचा. खरं सांगायचं तर पहिला माइक कधीच बंद पडला असता तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं, कारण थोरल्यांची भाषा त्या सभागृहात दुभाष्याखेरीज कुणालाच येत नव्हती. पण पहिला माइक नसता, तर दुसऱ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. आवाज कुणाचा हे आधी ठरतं आणि मग लोकांचे कान उघडतात, ही जगाची रीतच आहे.

दुभाष्या मूळचा लाकडाच्या वखारीतला, म्हणजे वखारीच्या कचेरीतला. दूरच्या डोंगराळ मुलखातून तिथे फळ्या यायच्या. त्यांच्याबरोबर येणारी पत्रं वाचता यावीत म्हणून मालकाने त्याला ऐन उमेदीत तिकडची भाषा शिकायला लावली. फळ्यांची जाडी, ओल, गाठी, भेगा, एवढ्यापुरती ती येऊन भागलं असतं. पण तिकडच्या एका व्यापाऱ्याने पेटीतली पोकळी भरायला जुनी कादंबरी कोंबून पाठवली, ती याने शब्दकोश उशाशी घेऊन वाचली आणि तिथून त्याचं फळ्यांवरचं लक्ष उडालं ते उडालंच. त्याने तिचं भाषांतर केलं. मग दुसरीचं. दुसऱ्या पुस्तकावर एका जाणत्या गृहस्थांनी लिहिलं की हे भाषांतर वाटतच नाही. ही शाबासकी की शिवी, यावर तो बरेच दिवस डोकं खाजवत होता. शेवटी बायको म्हणाली, "शाबासकीच आहे. गिळा आता, गार होतंय."

बायको नर्सांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायची. एका घडीत वीस थर कापायचा हात, त्यामुळे बोलणंही तसंच, एका घावात. तिला भाषांतराचं कौतुक होतं, पण ते ती कात्रीच्या टोकावर घेऊन द्यायची.

तर अशा या माणसाला एक दिवस मंडळाने बोलावून घेतलं. त्या डोंगराळ मुलखातून एक सत्पुरुष पंधरा दिवसांसाठी येणार होते. तिकडचे लोक त्यांना 'थोरले' म्हणत. उंच, हाडकुळे, मोठ्या कानांचे, बोलणं मोजकं. ते एक वाक्य बोलणार, थांबणार, याने ते इकडच्या भाषेत सांगायचं, मग पुढचं. काम सोपं होतं.

पहिल्याच रविवारी थोरले म्हणाले, "बर्फावरून चालणाऱ्याने खिशात हात घालू नयेत."

दुभाष्याने समोर पाहिलं. भरलेलं सभागृह, आणि त्या शहरात बर्फ लोकांनी पाहिलेला तो फक्त सरबताच्या पेल्यात. जसंच्या तसं सांगितलं असतं तर लोकांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन विसरले असते. त्याला कादंबऱ्यांची सवय. कादंबरीत असं वाक्य आलं की तो खोलीत येरझारा घालायचा, दोन दिवस ते मनात घोळवायचा. इथे वेळ होता एका श्वासाचा. तो म्हणाला, "निसरड्या वाटेवर हात मोकळे ठेवा. स्वतः पडलात तर टेकायला, आणि दुसरा पडला तर धरायला."

पुढच्या रांगेत कुणीतरी डोळे पुसले. मग मागे. सभागृहभर एक हुंकार गेला.

वरच्या खोलीत गेल्यावर थोरल्यांनी विचारलं, "पोरा, ते रडले का? माझ्या आज्याचं वाक्य होतं ते. तो नाकावर आपटला होता, म्हणून म्हणायचा. यात रडण्यासारखं काय आहे?"

दुभाष्याने चाचरत आपण काय केलं ते सांगून टाकलं. आता कान पकडून बाहेर काढणार, अशी त्याची खात्री होती. पण थोरले खो खो हसले. "दुसऱ्याला धरायला! हे आज्याच्या बापालाही सुचलं नसतं. राहू दे."

पुढचं सगळं त्या 'राहू दे'वर उभं राहिलं. पंधरा दिवसांसाठी आलेले थोरले महिनाभर राहिले, मग वर्षभर, मग राहिलेच. सभागृहाच्या वर त्यांच्यासाठी खोली बांधली. मंडळाच्याच मागच्या इमारतीत दुभाष्याला बिऱ्हाड मिळालं आणि वखार सुटली. सभागृहाच्या भिंतीवर ठसठशीत अक्षरांत रंगवलं गेलं, 'हात मोकळे ठेवा', आणि खाली थोरल्यांचं नाव. लोक दुभाष्याला लाडाने 'धाकटे' म्हणू लागले. त्यालाही ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोला.

विद्वान लोक म्हणतात, धर्माचं भाषांतर वेगळं आणि कवितेचं वेगळं. कवितेत चुकलं तर टीकाकार रागावतो, धर्मात चुकलं तर खुद्द देव. दुभाष्याला दोन्हीकडे एकच अडचण दिसायची. रोप उपटून आणलं की मुळाची माती वाटेतच गळते आणि इथली लावल्याखेरीज ते जगत नाही. आता ही इथली माती किती लावायची, हे कुणी सांगितलेलं नव्हतं. सुरुवातीला तो चिमूटभर लावायचा, आणि दर वेळी वर जाऊन थोरल्यांना सांगायचा. कधी ते म्हणत, "राहू दे." कधी म्हणत, "हे मी म्हणालो नाही, पुढच्या वेळी दुरुस्त कर." तो करायचा. ती वर्षं चांगली होती. दोघांनी मिळून एक गोष्ट घडवावी तसं चाललं होतं, आणि गोष्ट दोघांनाही पटत होती.

घरी टेबलावर एक दीर्घकविता अर्धी पडून होती. त्याच डोंगराळ भाषेतली, एका पुलाच्या राखणदाराची. ही एवढी नीट उतरली की मेलो तरी चालेल, असं तो म्हणायचा. पण एखादी जिवंत ओळ सुचावी आणि समोर रविवार उभा राहावा. कवितेसाठी जपून ठेवलेलं सगळं थोरल्यांच्या तोंडी जायचं. टाळ्या थोरल्यांना, कविता तशीच अर्धी.

"तुमचं स्वतःचं असं एक तरी वाक्य शिल्लक आहे का?" बायकोने एकदा विचारलं.

"ते काय भिंतीवर लिहिलंय," तो म्हणाला.

"त्याच्याखाली नाव कुणाचं आहे?"

बायकोने पुढे विचारलं नाही, तेवढी ती दयाळू होती.

मग थोरले म्हातारे झाले. आधी नावं गेली. मग वाक्याचं शेपूट गेलं. एका रविवारी बोलता बोलता ते थांबले, खाली वाकले आणि माइकमध्ये म्हणाले, "माझा दुसरा मोजा कुठे आहे?"

सभागृह वर तोंड करून वाट पाहत होतं. थोरल्यांचं हसं होऊ द्यायचं नाही, एवढंच त्या क्षणी त्याच्या मनात होतं, देवाशपथ. तो म्हणाला, "जे हरवलं म्हणून आपण आयुष्यभर शोधतो, ते बहुतेक वेळा आपल्याच पायाशी असतं."

सभा संपल्यावर एक बाई रडत पुढे आल्या. भावाशी कित्येक वर्षं बोलणं नव्हतं, तो पलीकडच्याच गल्लीत राहत होता. त्या थेट त्याच्याकडे गेल्या. पुढच्या रविवारी दोघं शेजारी शेजारी येऊन बसली. वर खोलीत थोरल्यांची देखभाल करणाऱ्या मावशींनी मोजा हरवल्याच्या दिवशीच थोरल्यांचे पाय पाहिले, तर दोन्ही मोजे एकाच पायात, एकावर एक. म्हणजे भाषांतर अगदीच चुकलं होतं असंही नाही. दुभाष्या आणि बायको त्या रात्री हसून हसून बेजार झाले. हसणं ओसरल्यावर दुभाष्या म्हणाला, "आज वर जाऊन मी त्यांना विचारलं नाही." बायकोने दिवा मालवला.

त्यानंतर विचारायला वर कुणी उरलंच नाही. शरीर होतं, डोळे होते, गोड हसणं होतं, पण 'राहू दे' म्हणणारा आणि 'हे मी म्हणालो नाही' म्हणणारा माणूस हळूहळू निघून गेला. थोरले माइकमध्ये शेळ्यांची नावं घ्यायचे, बहिणीला हाका मारायचे, कधी नुसतं "थंडी, थंडी" म्हणायचे. दुभाष्या बोलत राहायचा. चिमूटभर मातीचं आता असं झालं होतं की सगळी मातीच, रोप कुठे दिसेना. आणि गंमत अशी, की याआधी कधी नव्हतं इतकं छान तो बोलू लागला. सभागृह अपुरं पडून बाहेर थेट प्रक्षेपणाचे पडदे लागले.

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तसं मग पुस्तकांचं निघालं. रविवारची प्रवचनं छापायची. ती दुभाष्यानेच बोललेली, त्यानेच तपासलेली, वर नाव थोरल्यांचं. पुस्तकं एवढी गाजली की तिकडे, डोंगराळ मुलखात, कुणीतरी ती थोरल्यांच्या स्वतःच्या भाषेत नेली. मूळच नव्हतं त्याचं भाषांतर झालं, आणि त्या भाषांतराचं मूळ तयार झालं. त्याची एक प्रत मंडळाकडे आली तेव्हा कार्यवाहांनी ती मोठ्या कौतुकाने दुभाष्याच्या हातात ठेवली. "थोरल्यांना वाचून दाखवा. स्वतःचे शब्द ऐकून त्यांना बरं वाटेल."

दुपारी थोरल्यांच्या खोलीत खिडकीशी बसून दुभाष्या वाचू लागला. खिडकीतून मागच्या धुलाईच्या दुकानाचं अंगण दिसायचं, दोऱ्यांवर हॉटेलांच्या चादरी. थोरले मान एका बाजूला कलती करून ऐकत होते. बऱ्याच दिवसांत कुणाचं बोलणं त्यांनी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं. मोज्याचं पान आलं, तेही ऐकलं.

"हा माणूस कोण आहे?" त्यांनी विचारलं.

दुभाष्याने पान उलटलं. "आहे एक."

"शहाणा दिसतो. बोलतो जरा जास्त, पण शहाणा आहे." थोरले पुढे वाकले आणि आवाज खाली करून म्हणाले, "त्याला विचार ना, मी इथून कसा बाहेर पडू? मला रोज उचलून खाली नेतात आणि बोलायला लावतात. मला काही येत नाही बोलायला. मला बहिणीकडे जायचंय. तिच्या चुलीपाशी बसेन, कुणाला त्रास देणार नाही. एवढं त्याला विचार. त्याला माहीत असेल."

चादरी हलत होत्या. दुभाष्याने पुस्तक मिटलं. त्याला रडू आलं आणि त्याने ते आवरलंही नाही, कारण थोरल्यांनी आता खिडकीकडे तोंड केलं होतं.

बहीण खरंच होती. तिचा मुलगा अधूनमधून मंडळाच्या कचेरीत फोन करायचा, तो फोन दुभाष्याकडे यायचा. मुलगा दर वेळी म्हणायचा, "मामाला पाठवा. आई वाट बघते. आम्ही सांभाळू." दुभाष्या ते कार्यवाहांना सांगायचा, कार्यवाह म्हणायचे, "बघू." थोरल्यांचा पासपोर्ट कार्यवाहांच्या कपाटात होता, आणि जिना उतरायला थोरल्यांना दोन माणसं लागत. म्हणजे सगळं 'बघू'वर येऊन थांबायचं.

या वेळी दुभाष्याने ठरवलं, आता सोक्षमोक्ष. तो कचेरीत गेला. कार्यवाह वाईट माणूस नव्हते. पूर्वी ते लिफ्टच्या कंपनीत होते, आणि मधल्या मजल्यावर अडकलेल्या माणसांशी शांतपणे कसं बोलावं हे त्यांना तिथे शिकवलं होतं. ती शांतता त्यांच्या अंगात मुरली होती.

"थोरल्यांना घरी जायचंय," दुभाष्या म्हणाला. "स्वतः म्हणाले मला."

"बसा. पाणी घ्या. अहो, म्हातारपणी माणूस असं बोलतोच. माझी आईसुद्धा स्वतःच्याच घरात बसून 'घरी सोड' म्हणायची."

"तसं नाही. त्यांना आता काहीच उमगत नाही. त्यांना बोलवत नाही."

कार्यवाह हसले. "परवाच काय सुंदर बोलले! ते पुलाचं. 'राखणदाराने नदी अडवायची नसते, पुलावरच्याला धीर द्यायचा असतो.' माझ्या अंगावर काटा आला. हे काहीच न उमगणारा माणूस बोलेल?"

ती दुभाष्याच्या टेबलावरच्या कवितेतून वाहून गेलेली ओळ होती. "ते मी बोललो," तो म्हणाला.

"तुम्हीच बोललात की, दुभाषे आहात. मूळ त्यांचं."

"मूळ काही नव्हतं. ते शेळीला हाक मारत होते."

कार्यवाहांनी पाण्याचा पेला थोडा त्याच्याकडे सरकवला. आवाज तसाच शांत. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही आम्हाला फसवलंत, असं म्हणायचंय का तुम्हाला? त्या बाई, तो भाऊ, बाहेर पडद्यासमोर उन्हात उभे राहतात ते लोक, सगळ्यांना? विचार करून सांगा. मी ऐकतोय."

दुभाष्याने विचार केला. हो म्हणावं तर फसवणारा, नाही म्हणावं तर थोरले खुर्चीवरच. इकडे आड, तिकडे विहीर. तो पाणी पिऊन घरी आला.

"मग तिथे सांगा ना, जिथे तुम्हाला ऐकतात," बायको म्हणाली. ती जेवणाच्या टेबलावर कापड पसरून खडूने रेघा ओढत होती. "माइकमध्ये. ते जे बोलतील तेच सांगा. काना-मात्रा वाढवायचा नाही. तुमची कला एक दिवस घरी ठेवून जा."

"बिऱ्हाड जाईल."

"भाड्याने दुसरं बघू. कारखान्यामागे खोल्या आहेत." तिने कात्री उचलली. "तो म्हातारा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही हो."

रविवार आला. थोरल्यांना उचलून आणलं, खुर्चीत बसवलं, माइक वाकवला. दुभाष्या शेजारी उभा राहिला. त्याचं मन एकदम हलकं होतं. आज काही शोधायचं नव्हतं.

थोरल्यांनी समोर पाहिलं. "इतके लोक? कोण आहेत हे?"

दुभाष्याने सांगितलं, "थोरले विचारताहेत, इतके लोक, कोण आहेत हे?"

लोक वाट पाहत होते, पुढचं येईल.

"पाय गारठलेत. बहीण कुठे आहे?"

"थोरले म्हणतात, पाय गारठलेत. बहीण कुठे आहे?"

खुर्च्या करकरल्या. कुणीतरी खोकलं.

"मला इथे बसवतात आणि बोलायला लावतात. मला बोलायचं नाही. मला घरी पाठवा."

दुभाष्याने तेही सांगितलं, शब्दाला शब्द, एका स्वरात. मग मान वळवून थोरल्यांकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा उजळला होता. आपलं बोलणं पलीकडे पोचतंय हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. ते खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरून भराभर बोलू लागले, बहिणीचं नाव, गावचं नाव, चूल कुठल्या कोपऱ्यात ते, आणि दुभाष्या एकेक सांगत गेला.

तेवढ्यात भावाशी समेट केलेल्या त्या बाई उभ्या राहिल्या. "हे काय चाललंय? तुम्ही आज मनापासून सांगत नाही आहात."

"मी अगदी जसंच्या तसं सांगतोय," दुभाष्या म्हणाला.

"थोरले असं बोलणार नाहीत. आम्ही त्यांना ओळखतो." बाईंचा आवाज थरथरत होता, त्या खरोखर दुखावल्या होत्या. "तुम्हाला बरं नसेल तर घरी जा, पण त्यांचे शब्द बिघडवू नका."

"बरोबर आहे!" मागून आवाज आला. "नीट सांगा! ते एवढं बोलताहेत आणि तुम्ही चूल काय, पाय काय!"

"अहो, ऐका," दुभाष्या ओरडला. "ते मोज्याचंसुद्धा मीच..." आणि माइक बंद झाला. कार्यवाह खटक्यापाशी उभे होते, शांत. लोकांनी आपापसांत बोलायला सुरुवात केली. थोरले मात्र बोलतच होते, आनंदाने, त्यांच्या चालू माइकमध्ये, आणि सभागृहातला एक माणूस सोडून कुणालाही त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

इतकी वर्षं मनाचं सांगितलं तेव्हा लोक म्हणाले, किती प्रामाणिक. एक दिवस प्रामाणिकपणे सांगितलं तर म्हणाले, मनाचं सांगतो. यावर हसावं की कपाळ बडवून घ्यावं, तुम्हीच ठरवा.

दुभाष्याला विश्रांती देण्यात आली. त्याच्या जागी भाषा शिकवणाऱ्या संस्थेतल्या एक बाई आल्या. व्याकरण पक्कं, उच्चार सुरेख, पण थोरल्यांची बोली डोंगरातली, त्यात तोंडात दात नाहीत. बाईंना त्यातलं काही लागेना. हुशार होत्या, त्यांनी जुनी पुस्तकं आणली. थोरले काहीबाही पुटपुटायचे, थांबले की बाई पुस्तकातला एक उतारा वाचायच्या. लोक म्हणाले, "चला, आपले थोरले परत आले." दुभाष्याने हे मागच्या इमारतीच्या खिडकीतून ऐकलं, कारण बाहेरच्या पडद्याचा आवाज थेट घरात यायचा. स्वतःचीच वाक्यं. एका ठिकाणी बाईंनी चुकीच्या जागी श्वास घेतला तेव्हा त्याचा जीव कळवळला, आणि त्याबद्दल त्याला स्वतःची लाजही वाटली.

बायकोने कारखान्यामागची खोली पाहून ठेवली होती. लहान होती, पण उजेड चांगला. टेबल खिडकीशी बसणार होतं. सामानाची बांधाबांध सुरू झाली. राखणदाराची कविता त्याने बासनातून काढली, आणि एका सकाळी कितीतरी दिवसांनी एक ओळ सुचली, ती त्याने कागदावर लिहिली. कुठेही बोलून न टाकता. सुटका म्हणजे हीच असावी, असं त्याला वाटलं.

त्याच आठवड्यात वरच्या मावशी दारात आल्या.

"जरा वर येता का?" मावशी पदराने घाम टिपत म्हणाल्या. "ते काहीतरी मागतात हो. सारखं एकच. पाणी दिलं, पांघरूण दिलं, कूस बदलली, खिडकी उघडली, लावली. नाही म्हणतात. त्या नव्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या हा शब्द कोशात नाही. जेवण तोंडात घेत नाहीत. रडतात नुसते. मला बाईमाणसाला त्यांची भाषा थोडीच येते."

दुभाष्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने बांधलेल्या सामानाकडे पाहिलं. "जा," ती म्हणाली.

थोरले पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. अंग निम्मं झालं होतं. दुभाष्याने हाक मारली तसे वळले, आणि त्याचं मनगट त्यांनी असं घट्ट धरलं की बुडणाऱ्याने फळी धरावी.

"कुठे होतास, पोरा? मी हाका मारतोय."

काय हवंय, त्याने विचारलं. उशी हवी होती. चपटी, गुडघ्यांमध्ये ठेवायला. हाडाला हाड लागत होतं. त्या बोलीत तिला एक घरगुती शब्द होता, तो कुठल्या कोशात असणार? दुभाष्याने मावशींना सांगितलं, मावशींनी उशी आणली आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. थोरल्यांनी सुस्कारा सोडला. एवढ्याशा उशीसाठी माणूस रडत पडला होता. आणि उद्या पाण्यासाठी, परवा दुखलं तर दुखतंय म्हणून सांगायला? दुभाष्याला तेव्हाच कळून चुकलं की कारखान्यामागच्या खोलीत टेबल कधी लागणार नाही.

"सांगितलंस का त्यांना?" थोरल्यांनी विचारलं.

"सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

आजवर तो थोरल्यांचं लोकांना सांगत आला होता. लोकांचं थोरल्यांना सांगायची वेळ आज पहिल्यांदा आली. लोक काय म्हणाले होते, हे त्याला शब्दन्‌शब्द पाठ होतं.

"म्हणाले, पाठवतो. हिवाळा सरू दे, वाट मोकळी होऊ दे, मग पाठवतो. बहिणीला कळवलंय."

"बरं," थोरले म्हणाले, आणि घासभर जेवले.

कार्यवाहांनी त्याला आनंदाने परत घेतलं. अट एकच, नीट सांगायचं. ती त्यांनी इतक्या हळू आवाजात घातली की अट आहे असं वाटूच नये. शिकवणाऱ्या बाई आभार मानून गेल्या. बायकोने सामान सोडलं. त्या खोलीच्या मालकाला निरोप पाठवताना तिने दार जरा जोरात लावलं. कविता पुन्हा बासनात गेली. हात दगडाखाली सापडला की माणूस ओढून बघतो, मग ओढायचं थांबवतो. कातडी सोलते म्हणून.

रविवारी सभागृहात टाळ्यांनी स्वागत झालं. त्या बाई पुढच्या रांगेतून उठून आल्या, म्हणाल्या, "आता बरं वाटतंय ना तुम्हाला? मी रागावले होते, मनात ठेवू नका." तो म्हणाला, "नाही ठेवलं." आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

थोरल्यांना आणून बसवलं. माइक वाकवला. त्यांनी समोर पाहिलं, मग शेजारी पाहिलं आणि त्याचं मनगट धरलं. आता ते व्यासपीठावरही धरायचे. लोकांना त्यात फार माया दिसायची. समोर भिंतीवर 'हात मोकळे ठेवा' हे वाक्य होतं, ठसठशीत, अलीकडेच पुन्हा रंगवलेलं.

थोरले त्याच्या तोंडाकडे निरखून बघत राहिले. त्या दिवशी त्यांचे डोळे कसे कोण जाणे अगदी लख्ख होते, पहिल्या वर्षांतल्यासारखे.

"दमलास ना तूही, पोरा," ते म्हणाले. "तुला नाही का कुणी घरी पाठवत?"

सभागृह वर तोंड करून वाट पाहत होतं. हे एक वाक्य फक्त त्याचं होतं, इतक्या वर्षांत त्याला एकट्याला मिळालेलं, आणि हे कुणालाही सांगायचं नाही असं त्याने मनाशी म्हटलं. त्याने तोंड उघडलं, आणि दुसरंच एक सुंदर वाक्य आपसूक बाहेर आलं. सभागृहभर हुंकार गेला, पुढच्या रांगेत कुणीतरी डोळे पुसले. दुभाष्या थोरल्यांच्या पुढच्या वाक्यासाठी वाकला. थोरल्यांनी त्याचं मनगट सोडलं नव्हतं.